बिनफेसाची पेस्ट

माणसाच्या तोंडाला फेस आला की आमच्याकडं पूर्वी त्याला कांदा हुंगवायचे. ऐंशी साल उलटलं आणि आमच्या भरे गावात तसा माणूस दिसला की लोक त्याला सुधारलेला म्हणायला लागले. कांदा तेवढा वाचला.

ह्या सुधारणेचं सगळं पाप आमच्या कबड्डी संघाच्या कप्तानाच्या माथी. देवानं त्याला छाती दिली होती बैलगाडीच्या चाकाएवढी, मांड्या दिल्या होत्या सागाच्या ओंडक्यासारख्या, आणि डोकं बसवायची वेळ आली तेव्हा देवाला कुणीतरी बाहेरून हाक मारली असावी. देव उठून गेला तो परत आलाच नाही. तरी गडी मैदानात उतरला की समोरच्या संघातले दोघं-तिघं अंगाला लोंबकळत असताना त्यांना ओढत मध्यरेषेपर्यंत यायचा, जशी म्हैस अंगावरच्या गोमाशा घेऊन गोठ्यात येते. हे मला कबूल करावंच लागतं. न करून करतो काय, सगळ्या तालुक्यानं पाहिलेलं.

चढाईचा दुसरा गडी मी. माझी छाती चाकाएवढी नव्हती, चाकाच्या एका आऱ्याएवढी होती. पण दम असा, की मी भऱ्यात ‘कबड्डी कबड्डी’ सुरू केलं की पिरंगुटहून एसटी सुटायची, घोटावड्याला जायची, माणसं उतरवून, कंडक्टरचा चहा होऊन परत यायची, तरी माझा दम चालूच. कंडक्टर आज असता तर त्यानं साक्ष दिली असती. गेला बिचारा. माझे सगळे साक्षीदार असेच गेलेत.

तेव्हा पिरंगुटच्या माळावर एक नवा कारखाना उभा राहिला होता. त्यांच्या मोठ्या साहेबाला कबड्डीचा संघ काढायची हौस आली. गावोगाव निरोप गेला, की दिवाळीनंतर पौडला सामने आहेत, साहेब बघायला येणार, आणि प्रत्येक गावच्या संघातनं चढाईचा एक गडी उचलून कामाला लावणार. नुसता कामाला नाही, कायम.

कायम ह्या शब्दाची गोडी कळायला माझं खाचर बघायला पाहिजे होतं. माझ्या वाटणीला आलेलं भाताचं खाचर एवढं मोठं, की बेडकानं ह्या बांधावरून उडी मारली तर तो थेट चुलत्याच्या वावरात पडायचा आणि मग तो माझा का त्याचा ह्यावरून भांडण व्हायचं. भात निघालं की आमची आवक संपली. मग सहा महिने पुण्याला मंडईत पाटी उचलायला जायचं, फळीवर झोपायचं, आणि आठवड्याला घरी येऊन बायकोला तोंड दाखवायचं. त्या पाटीचा मला असा वीट आला होता की कोबी दिसला तरी मान दुखायची. कारखाना भऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. म्हणजे जन्माची पाटी सुटणार होती. पण भऱ्यातनं एकच जाणार होता. कप्तान, नाहीतर मी.

एके दिवशी कप्तान त्या कारखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन आला. आत त्याला कुणी सोडलं नाही. पण फाटकाशी उभा असताना आतला एक माणूस दुसऱ्याला म्हणाला, ह्या गावच्या लोकांचे दात मिश्रीनं काळे झालेत. बास. कुणाला म्हणाला, कशावरून म्हणाला, काही ठावठिकाणा नाही. तो साहेब होता का भिंतीला चुना मारणारा, तेही कप्तानाला सांगता येईना. पण गडी तसाच धापा टाकत तालमीत आला आणि आम्हा सहा जणांना ओळीनं उभं करून म्हणाला, “तोंडं उघडा.”

बाजारात बैलाचे दात बघतात तसे त्यानं आमचे दात बघितले. माझी हनुवटी धरून उजेडाकडं फिरवली.

“उद्यापासनं मिश्री बंद. राखुंडी बंद. लिंबाची काडी बंद,” तो म्हणाला. “पेस्ट.”

“पेस्टनं चढाई सुधारती व्हय?” मी विचारलं.

“तू लई शाना हायेस. काळं दात दिसलं तर साहेब चढाई बघायच्या आदीच गाडीत जाऊन बसंल.”

“साहेब कबड्डी बघाय येतोय का बैल घ्याया?”

“तुला न्हाई लावायची तर नगं लावू. ऱ्हा मंडईत.”

ह्या वाक्यावर मी परत तोंड उघडून त्याच्यापुढं धरलं. शहाण्या माणसानं तिथंच तालमीतनं उठून घरी जायला हवं होतं. पण शहाणपण आणि गरज एका घरात नांदत नाहीत.

आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या भाताच्या तुसाची राखुंडी. तूस जाळायचं, राख वस्त्रगाळ करायची, चिमूटभर मीठ घालायचं, आणि बोटानं घासायचं. माझ्या वडलांनी ह्या राखुंडीवर मरेपर्यंत दातानं ऊस सोलला. सरणावर ठेवले तेव्हा दात बत्तीसच्या बत्तीस. तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो तर बाकीच्या माणसाची राख झालेली, आणि दात तेवढे आमच्याकडं बघून हसत होते. मिश्रीचं मी कौतुक करत नाही. तंबाखूच ती, भाजली म्हणून औषध होत नाही, आणि पुढं ती कुणाकुणाला कुठं घेऊन गेली ते मी पाहिलंय. पण राखुंडीनं कुणाचं काय घोडं मारलं होतं?

तर पेस्ट आली. आता पेस्ट म्हणजे पुण्याची माणसं मोरीत, पाठमोरी उभी राहून गुपचूप करतात, तशी नव्हे. भऱ्यात पेस्ट ही लोकांनी बघायची गोष्ट. तोंडात ब्रश घालून तालमीपासून निघायचं, पारावर यायचं, हापशावर बायका पाणी भरत असतात तिथून जायचं, कुणी भेटलं तर थांबून फेसातनंच बोलायचं, पावसाची, भाताची, दुसऱ्याच्या सुनेची चौकशी करायची, आणि ओघळ हनुवटीवरून छातीवर आला की मगच थुंकायचं. ज्याचा ओघळ लांब तो मोठा माणूस. कप्तानानं आम्हा सगळ्यांना नेम घालून दिला. ब्रश भरून एक थर, त्या थरावर दुसरा थर, दिवसातनं तीन वेळा. सकाळची पेस्ट सगळ्या संघानं पारावर, एका ओळीत.

फेस तरी केवढा. सात जणांच्या तोंडातनं एकदम फेस निघायला लागला की समोरची शाळा दिसेनाशी व्हायची. खाचरातले बगळे उडत यायचे आणि पांढरं पांढरं बघून, आपलेच भाऊबंद समजून आमच्या शेजारी एका पायावर उभे राहायचे. त्यांच्या आणि कप्तानाच्या चेहऱ्यावरच्या बुद्धीत मला काही फरक दिसत नसे. फरक असलाच तर बगळ्याच्या बाजूनं.

तोंडात आग व्हायची. पहिल्या दिवशीच झाली. डोळ्यांतनं पाणी आलं.

“आग हुतीय,” मी म्हणालो.

“हुनारच. किडं मरत्यात,” कप्तान फेसातनं म्हणाला.

आणि आम्ही ते मानलं. आमच्याकडं गुणाची परीक्षाच ती. जे औषध झोंबत नाही ते औषध नव्हे, जो मास्तर मारत नाही तो मास्तर नव्हे, आणि जी मिरची रडवत नाही ती मिरची म्हणून कुणी घरात घेत नाही. आग जास्त म्हणजे पेस्ट भारी. ह्या हिशेबानं गावातल्या निम्म्या पुरुषांनी आमचं बघून पेस्ट धरली आणि जो तो दुकानात जाऊन जास्तीत जास्त फेसाची, जास्तीत जास्त झोंबणारी नळी मागायला लागला. साबणाची वडी खाल्ली असती तर स्वस्तात काम झालं असतं.

तिसऱ्या आठवड्यात माझं तोंड आलं. आधी खालच्या ओठाच्या आत ज्वारीच्या दाण्याएवढा एक पांढरा फोड, कडेनं लाल. मग दुसरा गालाला. मग तिसरा, सगळ्यांचा बाप, थेट जिभेच्या शेंड्यावर. भाकरीचा तुकडा तोंडात घातला की वाटायचं निखारा घातला. आमटी म्हणजे तेजाब. मी भातात पाणी ओतून, डोळे मिटून गिळायला लागलो.

जेवणाचं जाऊ दे, माणूस उपाशी मरत नाही. घात झाला तो दमाचा. ‘कबड्डी’ हा शब्द तोंडानं काढून बघा. शेवटच्या ‘ड्डी’ला जीभ वर जाऊन टाळूवर आपटते. आपटल्याशिवाय तो निघतच नाही. आणि चढाई करणाऱ्यानं एका श्वासात तो शब्द पन्नास-साठ वेळा काढायचा, तोही पंचाला स्वच्छ ऐकू जाईल असा. माझा फोड नेमका आपटायच्या जागी. पहिले दोन-तीन ‘ड्डी’ मी दात-ओठ खाऊन काढायचो, मग जीभ आपोआप अंग चोरायची आणि तोंडातनं निघायचं, “कबयी, कबयी, कबयी.”

सरावाला कप्तान कमरेवर हात ठेवून हसला. “ह्यो दम हाय का अंगाई? समोरची पोरं झोपत्याल, लेका.”

“तोंड आलंय.”

“तोंड आलंय म्हंजी तोंड घान हाय. दुप्पट लाव.”

आणि मी दुप्पट लावली. आज मी त्याला दगड म्हणतो, पण दगडाचं ऐकणाऱ्याला काय म्हणायचं ते अजून ठरवलेलं नाही. दुप्पट पेस्ट, दुप्पट आग. तीन फोडांचे सात झाले. सामन्यांना पंचवीस दिवस उरले.

गावाला विचारलं तर गावाचं एकच उत्तर, उष्णता. भरे गावात माणसाला जे जे होतं ते उष्णतेनं होतं. पाय मोडला तरी उष्णतेनं. बायकोनं जाईचा पाला आणला, तो चावून लाळ गाळत बसलो. तेवढ्यापुरतं गार वाटायचं, संध्याकाळी परत पेस्ट. पौडला एक कंपाउंडर होता, डॉक्टरपेक्षा त्याचाच दवाखाना जास्त चालायचा. त्यानं तोंडाच्या आत जांभळं औषध फासलं. त्यानं फोड गेले नाहीत, पण मी चार दिवस असा दिसत होतो की वाटेत भेटलेल्या एका म्हातारीनं मला नमस्कार करून पुढं वाट धरली.

“अवो,” बायको एका सकाळी म्हणाली. ती चुलीपुढं बसून मिश्री लावत होती. “त्ये पांढरं तोंडात घालाय लागल्यापासनंच ह्ये झालंय. माझं बघा, कदी तोंड आलंय का माझं?”

“तुझं तोंड बंद कदी असतंय? फोडाला बसाया जागा नगं?”

तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं आणि म्हणाली, “मग जावा मंडईत पाटी घेऊन. तितं कबड्डी म्हनावं लागत न्हाई.”

हिला काय कळतंय, असं मनात म्हणून मी उठलो. एवढं साधं गणित, पेस्ट सुरू आणि फोड सुरू, ते घरात चुलीपुढं सुटलं होतं आणि मी ते सोडवायला पौडला निघालो.

पौडच्या बाजारात एका चाचांचं किराणा दुकान होतं. पाच पिढ्यांचे पौडचे, मराठी आमच्यापेक्षा ठसठशीत, आणि गिऱ्हाईक ही देवानं आपल्याला दिलेली शिक्षा आहे अशा चेहऱ्यानं गल्ल्यावर बसलेले. मी तोंड उघडून दाखवलं आणि म्हणालो, “चाचा, ह्याला झोंबणारी काय तरी पेस्ट द्या. लई कडक.”

चाचांनी माझ्या तोंडात बघितलं, जसं कुणी पडक्या विहिरीत बघतं.

“अजून कडक?” ते म्हणाले. “पैलवान, तुमचं तोंड हाय का उखळ?”

त्यांच्या फळीवर चार काचेच्या बाटल्या होत्या, पाणी भरलेल्या. हा त्यांचा धंद्यातला शोध. त्या दिवसांत मुळशीतलं गिऱ्हाईक फेस बघितल्याशिवाय पेस्ट घ्यायचं नाही. म्हणून चाचांनी प्रत्येक पेस्टीचा हरभऱ्याएवढा गोळा एकेका बाटलीत टाकून ठेवलेला. गिऱ्हाईक आलं की बाटली हलवायची आणि फेस दाखवायचा. त्यांनी पहिली हलवली, फेस बुचापर्यंत. दुसरी, तसंच. तिसरी तर बूच उडवून बाहेर आली. चौथी हलवली. नुसतं पातळ पांढरं पाणी, ताकाच्या निवळीसारखं. वर चार बुडबुडे, तेही लाजून फुटले.

“ही काय बिगडलीया का?” मी विचारलं.

चाचा वैतागून म्हणाले, “बिगडली न्हाई. अशीच हाय. पुन्याच्या येपाऱ्यानं गळ्यात मारली. दोन डझन. एक नळी खपंना. घेत्यात आन दुसऱ्या दिवशी परत आनून टाकत्यात, म्हनं फेस न्हाई, डुप्लिकेट हाय.”

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, फळीवरच्या धूळ खाणाऱ्या खोक्यांकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोक्यात काहीतरी चमकलं ते मला बाहेरून दिसलं. आवाज एकदम मऊ झाला.

“हीच घेऊन जा,” ते म्हणाले. “तोंड आलेल्यासाठनंच असती ही.”

“आत्ता म्हनालात खपत न्हाई.”

“तोंड आलेली मानसं कमी हायेत म्हनून खपत न्हाई.”

माणूस मला ढळढळीत खोटं सांगत होता, आणि मला ते कळत होतं. पण मी खोकं उचलून वाचलं. फेसवाल्या तिन्ही खोक्यांवर नुसती एक बाई हसत होती, आत काय आहे त्याचा पत्ता नाही. ह्या खोक्यावर बाई नव्हती. बाईचे पैसे वाचवून त्यांनी आत काय घातलंय ते छापलेलं. खडू, ग्लिसरीन, मीठ, लवंगेचं तेल. मला खडू माहीत होता, मीठ माहीत होतं, लवंग माहीत होती. राखुंडीच्याच घराण्यातली वाटली, फक्त शहरात जाऊन सदरा घातलेली.

आणि मग उभ्या उभ्या मला सुचलं. अंघोळीला साबण डोळ्यात गेला तर डोळा दिवसभर चुरचुरतो. पायाच्या जखमेला साबण लागला तर माणूस नाचतो. मग दिवसातनं तीन वेळा, दोन थर, तोच फेस मी उघड्या फोडांवर चोळतोय, आणि वर विचारतोय की आग का होते. मी त्या तिसऱ्या बाटलीकडं बघितलं. फेस अजून खाली बसला नव्हता. असला पदार्थ मी महिनाभर तोंडात फिरवत होतो.

नळी घेतली. चाचांनी दुसरीही हातावर ठेवली, म्हणाले, “एकीनं न्हाई भागायचं.” खपवायची संधी तो माणूस सरणावरूनही सोडला नसता.

आता अडचण एकच. पारावरची ओळ. बिनफेसाच्या तोंडानं तिथं उभा राहिलो तर कप्तान पहिल्याच दिवशी पकडणार, आणि ह्यानं नेम मोडला म्हणून संघातनंच काढणार. वाटेत कासार आंबोलीच्या चढावर मी ह्याच विचारात. घरी आलो तर बायको म्हशीची धार काढत होती. चरवीत धारेचा आवाज, आणि वर हा एवढा पांढराशुभ्र फेस.

दुसऱ्या दिवसापासनं मी घरातच नव्या पेस्टनं, थोडीशी घेऊन, हलक्या हातानं दात घासायचो, खळखळून चूळ भरायचो, आणि निघताना ब्रश चरवीत बुडवून दुधाचा फेस ओठांवर, हनुवटीवर थापायचो. पारावर ओळीत उभा राहून नुसता हात हलवायचा. माझा ओघळ सगळ्यांत लांब. कप्तानानं चक्क दोनदा इतरांना माझं उदाहरण दिलं, “ह्याच्याकडनं शिका.” गावातलं एक मांजर तेवढं रोज पारापर्यंत माझ्या मागं यायचं आणि पायात घोटाळायचं. कुणी विचारलं नाही. विचार करायची पद्धत त्या पारावर नव्हतीच.

चौथ्या दिवशी आग थांबली. आठव्या दिवशी गालाचे, ओठाचे फोड गेले. दहाव्या दिवशी मी खाचराच्या बांधावर उभा राहून “कबड्डी” म्हणून बघितलं. ‘ड्डी’ असा वाजला की घोटावड्याच्या डोंगरावरनं तो परत आला, आणि येताना दोन-चार जास्तीचे घेऊन आला.

त्याच दिवशी सरावानंतर मला कप्तान दिसला. तालमीच्या मागं बसून भाकरी खात होता. भाकरी म्हणजे दुधात कुस्करून, लगदा करून, बोटानं आत ढकलत. कांदा बाजूला तसाच. ठेचा बाजूला तसाच. ज्या माणसानं हिरव्या मिरच्या काकडीसारख्या खाल्ल्या तो दुधाचा घास गिळताना डोळे घट्ट मिटत होता. मग मला आठवलं, आठवडाभर त्यानं सरावात चढाईच केली नव्हती. “तुमी करा, मी बघतो,” म्हणत मध्यरेषेवर उभा राहायचा. आम्ही समजत होतो कप्तानकी दाखवतोय.

त्यानं वर बघितलं. मला बघून चटकन ठेच्याचा मोठा घास तोंडात घातला. त्याच्या डोळ्यांतनं पाणी आलं ते त्यानं बाहीनं पुसलं आणि म्हणाला, “काय बघतोयस?”

“काय न्हाई.”

“तिखाट हाय.”

“हां,” मी म्हणालो, आणि घरी आलो.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. दहा दिवस हातात होते, माझं तोंड जेवढ्या दिवसांत बरं झालं तेवढेच. माझ्या घरी कोनाड्यात दुसरी नळी अख्खी होती. म्हैस रोज दूध देत होती. मी रोज पारावर त्याच्या शेजारी उभा राहायचो, माझ्या तोंडाला दूध आणि त्याच्या तोंडाला साबण, आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी बघून मी मनात म्हणायचो, मरत्यात किडं, मरू दे.

सामन्यांच्या दिवशी पौडला साहेब आले. मांडवात खुर्ची टाकून बसले, पानाचा तोबरा भरलेला. हसले तेव्हा दात दिसले. मिश्रीवाल्या बाईनंसुद्धा मान खाली घातली असती इतके लाल-काळे. आम्ही सात जण पांढरे दात काढून त्यांच्यासमोर नमस्काराला उभे राहिलो. त्यांनी आमच्या मांड्यांकडं बघितलं, मग घड्याळाकडं.

कप्तानाची पहिली चढाई. आत शिरला, लाथ टाकली, कोपऱ्यातला एक गेला. वळला, दुसऱ्यानं घोटा धरला. एरवी त्यानं त्या गड्याला सोबत मध्यरेषेपर्यंत आणलं असतं. ओढत आणत होताच, रेषा एक हात राहिली. आणि तिथं त्याचा ‘ड्डी’ गेला. मी रेषेच्या अलीकडं उभा होतो, मला स्वच्छ ऐकू आलं. कबड्डी, कबड्डी, कबई, कबई, मग नुसता श्वास. पंचानं शिट्टी मारली. दम तुटला, गडी बाद.

मांडवातनं कुणीतरी म्हणालं, “कप्तान, दम घरी ठिवलाय व्हय?”

दुसऱ्या चढाईतही तेच झालं. तिसऱ्यांदा त्यानं मला पुढं केलं. पाठीवर थाप मारली, तोंडातनं शब्द काढला नाही. मी गेलो. पुढचं सांगत नाही. तुम्ही म्हणाल फुगवून सांगतो. एवढंच सांगतो, की मी आत असताना पंचानं दम ऐकायला कान पुढं केला होता, तो नंतर त्यानं चोळत मागं घेतला.

मी कायम झालो. मंडईची पाटी मी चाचांच्या दुकानात कांदे ठेवायला देऊन टाकली.

कारखान्यात वर्षातनं एकदा दातांचा डॉक्टर यायचा. त्यानं मला ते सगळं रीतसर सांगितलं. फेस येण्यासाठी पेस्टीत साबणासारखं एक औषध घालतात, दात घासायला फेसाची काही गरज नसते. काही माणसांच्या तोंडाची आतली नाजूक कातडी त्या औषधानं सोलवटते आणि सारखे फोड येतात. सगळ्यांनाच येतात असं नाही. ज्यांना येतात त्यांनी बिनफेसाची, कमी झोंबणारी पेस्ट घ्यावी, आणि तीही वाटाण्याएवढीच. हे सगळं मला एका दुकानदाराच्या न खपलेल्या मालानं आधीच शिकवलं होतं. ते डॉक्टरला मी सांगितलं नाही. शिकलेल्या माणसाला वाईट वाटतं.

आठ-नऊ वर्षांनी एका लग्नात कप्तान पंगतीत शेजारी आला. तो खाचर करायचा आणि उरलेल्या दिवसांत पिरंगुटला कुणाच्या तरी वीटभट्टीवर जायचा. छाती चाकाएवढीच होती, चाकाचं लाकूड मात्र झिजलेलं. मला काय झालं कळत नाही, आमटी वाढून होईस्तोवर मी त्याला सांगून टाकलं. की तुझं तोंड आलंय हे मला माहीत होतं, पेस्टही माहीत होती, आणि मी गप्प राहिलो.

तो हसायला लागला.

“त्ये व्हय,” म्हणाला. “आरं, मी बी गेलतो चाचाकडं. चाचानं तीच नळी माझ्या बी हातावर ठिवली. म्हनला, त्या भऱ्याच्या दुसऱ्या पैलवानानं नेलीया.”

मी घास परत पानात ठेवला. “मग घेतली का न्हाईस?”

“बाटली हलवून बघितली की. फेस न्हाई.” त्यानं भात कालवला. “सा जनांच्या तोंडाला फेस आन कप्तानाच्या न्हाई? तसा पारावर उभा ऱ्हातो व्हय मी? त्यापरीस आग बरी.”

आठ-नऊ वर्षं. मी त्या माणसाला घरी दिवाळीचं पाठवत होतो, त्याच्या नांगरटीला न बोलावता जात होतो, आणि हा गाढव आपल्या पायानं खड्ड्यात गेला होता. मला राग आला तो मी लपवला नाही. “तुझ्यासारका बिनडोक मानूस मी जन्मात बघितला न्हाई,” मी म्हणालो. तो मान हलवत, हसत जेवत होता.

मग हात थांबवून म्हणाला, “पर एक सांग. तुझ्या तोंडाला तर लई फेस असायचा. मी रोज बघायचो.”

खोटं बोलायचं तर माझ्यासारखा माणूस तालुक्यात नव्हता. त्या वेळी सुचलं नाही.

“दुधाचा व्हता,” मी म्हणालो. “म्हशीच्या.”

वाढपी जिलबी घेऊन आला, त्याच्या पानात दोन टाकून पुढं गेला. कप्तान त्या जिलब्यांकडं बघत राहिला. सामन्यांच्या दिवसांत त्याच्या घरी दोन म्हशी होत्या.

“ह्ये का न्हाई सांगितलंस?” तो म्हणाला.

“येकच जागा व्हती.”

त्यानं जिलब्या पानाच्या कडेला सारल्या. “व्हय,” म्हणाला. “येकच व्हती.” आणि पान तसंच टाकून, पंगत उठायच्या आधी, तो हात धुवायला उठला.